बोल्टची दोन पाकिटं

आमचं इचलकरंजीत हार्डवेअरचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. नट-बोल्ट, वॉशर, वायर, होल्डर, नळाच्या तोट्या, मागांना लागणारं किरकोळ सामान. बोल्ट आम्ही किलोवर विकतो. गिऱ्हाइकानं मूठभर जास्त घेतले तर आप्पा बघून न बघितल्यासारखं करतात. आणि त्याच दुकानाचा मी, तेहेतीस वर्षांचा बाप्या, रात्री अकरानंतर एका पडक्या रशियन शहरात पोटावर सरपटत, दोन बंदूकवाल्यांची नजर चुकवत, कुठल्यातरी टूलबॉक्समधून बोल्टचं एक पाकीट उचलायला जातो. एकदा आप्पा पाणी प्यायला उठले होते. मागं उभं राहून बराच वेळ बघत होते.

"काय घावलं?"

"बोल्ट."

काही बोलले नाहीत. तांब्या घेऊन आत गेले.

खेळाचं नाव 'एस्केप फ्रॉम टारकोव्ह'. सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्सचा. २०१७च्या जुलैत त्याचा बंद बीटा, म्हणजे मर्यादित लोकांपुरती चाचणी, सुरू झाला आणि २०२५च्या नोव्हेंबरात तो एकदाचा १.० म्हणून बाहेर आला. टारकोव्ह हे गाव खोटं, नॉर्विन्स्क हा प्रांतही खोटा, पण नियम सावकारासारखा खरा: रेडमध्ये, म्हणजे त्या शहरातल्या एका फेरीत, जे अंगावर घेऊन जाल ते सगळं पणाला. मेलात की बंदूक, चिलखत, पिशवी, पिशवीतलं सामान, सगळं गेलं. जिवंत बाहेर पडलात तर आणलेलं तुमचं. आणि १.० येईपर्यंत दर काही महिन्यांनी वाईप यायचा. सगळ्यांचं सगळं पुसलं जायचं, पुन्हा शून्यापासून.

२०१९च्या ऑक्टोबरात ०.१२ ही आवृत्ती आली, तिच्यात हाईडआउट मिळालं. एक बेवारस बॉम्ब-शेल्टर, अंधारं, कचऱ्यानं भरलेलं. तिथं जनरेटर बसवायचा, दिवे लावायचे, हवा खेळती करायची, संडास बांधायचा, दवाखाना, वर्कबेंच, स्वयंपाकाची जागा, पाणी साठवायची सोय, आणि वर वर चढत शेवटी बिटकॉइन फार्म. प्रत्येकाच्या दोन-तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला सामान लागतं, रुबल लागतात आणि खरे तास लागतात. बांधकाम सुरू केलं की घड्याळ चालू, तुम्ही झोपा नाहीतर दुकान उघडा.

आधीच्या दोन वाईपमध्ये मी हाईडआउट अर्धवट सोडलं होतं. २०२३च्या डिसेंबरअखेर ०.१४ आलं, तेव्हा ठरवलं की या खेपेला पुरं करायचं आणि ते परवडतं का हे वहीत लिहून बघायचं. दुकानाचं जुनं बिलबुक होतं, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर जमाखर्च मांडला. सवय जात नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी चूक केली, आणि ती माझ्यासारख्या धंदेवाल्यानं करायला नको होती. वाईपनंतर सगळेच एकदम बांधायला काढतात. सगळ्यांना तेच हवं असतं: स्पार्क प्लग, बोल्ट, स्क्रू-नट, वायर, ती कुप्रसिद्ध घड्या पडणारी नळी, बल्ब. त्यामुळे फ्ली मार्केटवर, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात, या भंगाराला सोन्याचा भाव येतो. पेरणीच्या तोंडाशी पंपाचे पार्ट जसे चढतात तसं. महिनाभरात तोच स्पार्क प्लग कुणी वाकून उचलत नाही. मी मात्र मिळेल ती वस्तू तडक बांधकामात घातली. माझा एक मित्र पुण्यात असतो, आम्ही जोडीनं रेड करतो. त्यानं नळ्या आणि प्लग जमवले, पंधराव्या लेव्हलला बाजार उघडला त्याच रात्री सगळे विकले आणि त्या पैशात चांगलं चिलखत घेतलं. मी त्याला म्हणत होतो, "अरे, जनरेटर तरी बसव." तो म्हणाला, "बसवतो की, फेब्रुवारीत." आणि खरंच फेब्रुवारीत त्यानं माझ्या निम्म्या खर्चात बसवला.

पण सगळं वाया गेलं असं नाही. वही आता समोर आहे म्हणून सांगतो, खालच्या पायऱ्या बघता बघता वसूल झाल्या. त्याचं कारण पैशांत दिसत नाही. खेळात तुमच्या अंगाचे अवयवांनुसार मिळून ४४० गुण असतात. डोक्याचे ३५, छातीचे ८५, बाकी पोट, हात, पाय. रेडमधून लंगडत बाहेर आलात की हे गुण हळूहळू भरतात. तहान-भूक वेगळी. हाईडआउट कोरडं असेल तर एक तर औषधं खर्च करा नाहीतर वाट बघत बसा. दवाखाना, हीटिंग आणि पाण्याची सोय पहिल्या-दुसऱ्या पायरीवर नेली की दोन रेडमधला हा वेळ निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. मला रात्री अकरा ते एक एवढाच वेळ. सकाळी साडेआठला शटर वर. त्या दोन तासांत तीनाऐवजी चार रेड झाल्या तर तो खरा नफा.

वर्कबेंचचंही तसंच. माझ्या लेव्हलला ट्रेडर, म्हणजे खेळातले दुकानदार, जी काडतुसं विकायला तयार नव्हते ती मी बंदुकीची दारू आणि सुटे भाग आणून स्वतः बनवायला लागलो. समोरच्याचं चिलखत फुटतं की नाही हे बंदुकीपेक्षा काडतूस ठरवतं, हे टारकोव्हमध्ये आठ-दहा वेळा मेल्यावर कळतं. संडासाबद्दल मात्र मला शेवटपर्यंत गंमत वाटत राहिली. या खेळात कापडाचं शिवणकाम संडासात चालतं. का, ते विचारू नका.

स्टॅश वाढवणं, म्हणजे कोठार. माझी खेळाची साधी आवृत्ती, म्हणजे कोठार लहान. सगळे सांगतात की आधी हेच करा. मी केलं आणि शंभर चौकोन जास्त मिळाले, त्यात शंभर चौकोनांचं भंगार साठलं. दुकानात याला डेड स्टॉक म्हणतात. आमच्या माळ्यावर १९९०च्या आसपासच्या पितळी तोट्या आहेत, आप्पा म्हणतात लागतील कधीतरी. माझ्या स्टॅशमध्ये अकरा गॅस मास्कचे फिल्टर होते. रक्तातच आहे.

आता फार्मकडे येतो, कारण सगळा तमाशा तिथं झाला.

बिटकॉइन फार्म सहजासहजी मिळत नाही. त्याला इंटेलिजन्स सेंटरची, म्हणजे हेरगिरीच्या खोलीची, दुसरी पायरी लागते, तिला सुरक्षा आणि हवेची व्यवस्था लागते, त्यांना आणखी काही. आमच्याकडं घराच्या दुरुस्तीला एक भिंत काढली की सगळं घर काढावं लागतं, तसला प्रकार. बांधून झाला की त्यात ग्राफिक्स कार्डं बसवायची. पहिल्या पायरीवर १०, दुसरीवर २५, तिसरीवर ५०. जनरेटर चालू असेल तोवर कार्डं नाणी पाडतात, नाणी ट्रेडरला विकायची. झोपेत पैसे. ऐकायला किती गोड.

कार्डं मिळतात कुठं? माझं ठिकाण इंटरचेंज. प्रचंड मोठा मॉल, आत वीज नाही. पॉवर स्टेशनवर जाऊन कुणी खटका ओढला तरच दिवे लागतात आणि दिवे लागले की सगळ्यांना कळतं की कुणीतरी आलंय. मी अंधारातच जायचो. टेकलाइट, टेक्सो, रासमुसेन ही इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. फुटलेल्या काचा, रिकामे रॅक, खाली पडलेले डबे. रॅकच्या खालच्या कप्प्यात, अगदी मागं, कधी कधी काळं आडवं कार्ड चमकतं. ते दिसलं की काळजाचा ठोका चुकतो, कारण नेमकं तेव्हाच वाकावं लागतं आणि वाकलेला माणूस ऐकू शकत नाही. ट्रॅकसूटातला किला, खेळानंच ठेवलेला एक दादा, त्याच मॉलमध्ये फिरत असतो. त्याच्या मशीनगनचा आवाज बंद पडदे असलेल्या थिएटरात फटाक्यांची माळ लावावी तसा येतो. एका रात्री मी टेक्सोत कार्ड उचललं, सेफ कंटेनरमध्ये टाकलं आणि वळतोय तोवर त्यानं मला काउंटरसकट उडवलं.

इथं एक बारकी गोष्ट सांगायला हवी. कंटेनरमधली वस्तू मेल्यावरही आपल्याकडे राहते. पण तिच्यावरचा 'रेडमध्ये सापडलेली' हा शिक्का जातो आणि शिक्का गेलेली वस्तू फ्ली मार्केटवर विकता येत नाही. ट्रेडर घेतो, पण पडेल भावानं. हाईडआउटमध्ये बसवायला मात्र त्या वाईपमध्ये शिक्का लागत नव्हता. म्हणजे मेलेल्या रात्रीचं कार्ड फार्मात घातलं तर तुमचं फारसं काही जात नाही. जिवंत आणलेलं कार्ड घातलं तर बाजारभाव जातो. मी सुरुवातीला हा भेदच केला नाही. आलं कार्ड की बसव. मित्र जिवंत कार्ड विकायचा, मेलेलं बसवायचा.

आणि मग एका रविवारी, दुकान बंद असताना, मी नीट गणित मांडलं. एक कार्ड असेल तर एक नाणं पडायला ४० तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. दहा कार्डं असतील तर? मला वाटलं होतं चार तास. निघाले जवळपास साडेएकोणतीस. पंचवीस कार्डांना सव्वावीस तास. पन्नास कार्डांना तेरा तास वीस मिनिटं. पन्नासपट माल घालून तिप्पट उत्पन्न. मी दोनदा तपासलं.

रोजचं बघितलं तर आणखी हसू येतं. एकटं पहिलं कार्ड दिवसाला नाण्याचे सहा दशांश देतं. पंचवीस कार्डं मिळून एक पूर्णांक दोन दशांशच्या जरा खाली. पन्नास मिळून एक पूर्णांक आठ. म्हणजे शेवटची पंचवीस कार्डं, ज्यांच्यासाठी मी किलाकडून अमुक वेळा मेलो, ती सगळी मिळून पहिल्या एका कार्डाइतकंच कमावतात.

त्यात इंधन. लोखंडी मोठी टाकी १०० एककांची, ती एकवीस तास चालते. चाळीस तासांत दोन टाक्या. एकटं पहिलं कार्ड जे नाणं देतं त्यातलं बरंचसं टाक्यांतच जिरतं. म्हणून सौर पॅनेल बसवायचं, त्यानं इंधन निम्म्यावर येतं, टाकी बेचाळीस तास पुरते. पण पॅनेलला लागणाऱ्या सामानाचं नाव काढलं की मित्र फोन ठेवायचा. मी ते बसवलं. वहीत त्या पानावर पेनानं इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं पंचवीस कार्डांवर थांबावं. मी तिसरी पायरी केली. का, याचं प्रामाणिक उत्तर असं की मोकळे खाचे बघवत नव्हते. स्क्रीनवर रांगेत खाचे दिसतात, निम्मे भरलेले, निम्मे रिकामे. दुकानात रॅक रिकामा दिसला की गिऱ्हाईक मागं फिरतं असं लहानपणापासून ऐकलंय.

पन्नासावं कार्ड बसलं २०२४च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. मी हाईडआउटमध्ये आत चालत जाऊन बघितलं. पंख्यांची घरघर, बारीक दिवे, व्यवस्थित मांडलेले रॅक. एक कबूल करतो, छान वाटलं. आप्पांना दाखवावं असंही वाटलं, पण काय सांगणार?

नियम असा की फार्म तीन नाणी साठवतो. तीन झाली की थांबतो. ती उचलेपर्यंत पुढचं नाणं सुरू होत नाही. तेरा तास वीस मिनिटांचे तीन, म्हणजे चाळीस तास. चाळीस तासांतून एकदा लॉगिन करून नाणी काढली नाहीत तर पन्नास कार्डं नुसती हवा खातात. आणि जनरेटर? तो चालूच. इंधन जळतच राहतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, ती ओलांडली. आमचं दुकान नदीपासून लांब आहे, पण २०१९ सगळ्यांना आठवतं, आणि गोदाम सखल भागात. दोन दिवस आम्ही सामान वर चढवत होतो. बोल्टचं एकेक पोतं, दोघांनी धरून, जिन्यावरून. आप्पा खाली, मी वर, मधे कामाचा पोरगा. वायरची बंडलं, तोट्यांचे खोके, आणि पुन्हा बोल्ट. पोत्याचा काथ्या तळहातात घुसलेला. त्यातच लाईट गेली. घरी येऊन आडवा झालो की उठायची ताकद नसायची. पाचव्या दिवशी पाणी उतरायला लागलं, लाईट आली, आंघोळ करून बसलो आणि खेळ उघडला.

तीन नाणी. जनरेटरचा आवाज नेहमीसारखा. टाक्या जवळजवळ तळाला गेलेल्या. मी निघायच्या आधी त्या काठोकाठ भरल्या होत्या, काळजीनं. घरात चार दिवस मेणबत्ती आणि टारकोव्हमध्ये चार दिवस अखंड वीज. ९६ तासांतले चाळीस कामाचे, छप्पन नुसतं इंधन जाळण्याचे. चार नाणी बुडाली.

मित्राला सांगितलं. तो आधी हसला, मग विचारलं, "गोदामात पाणी शिरलं का?" नाही म्हणालो. "मग झालं की."

ऑगस्टच्या उत्तरार्धात वाईप आला. पन्नासावं कार्ड बसल्यापासून साधारण चाळीस दिवस. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक कार्ड म्हणजे एक नाणं असं धरू. वरच्या पंचवीस कार्डांनी चाळीस दिवसांत जास्तीची नाणी दिली असती चोवीस. पंचवीस घालून चोवीस. त्यातून पुरात बुडालेल्यांपैकी काही वजा. तिसऱ्या पायरीचं बांधकाम, पॅनेल, टाक्या हे वहीत वेगळ्या रकान्यात आहे, ते मी जोडलंच नाही. कार्डाचा भाव निम्मा धरला तर वीस दिवसांत सुटतं, तेही खरं. पण मग हेही धरा की एवढी कार्डं जमेपर्यंत बहुतेक लोक तो वाईप खेळायचे थांबलेले असतात. माझ्या मित्रयादीत जुलैत तिघं उरले होते.

इंटेलिजन्स सेंटरची तिसरी पायरी मात्र मी आजही नावाजतो. फ्ली मार्केटच्या दलालीत तीस टक्के सूट. रोज पाच-सहा वस्तू विकणाऱ्याला ती गुपचूप पैसे देत राहते, तिला काढायला जावं लागत नाही, इंधन घालावं लागत नाही, पूर आला तरी फरक पडत नाही. आणि स्कॅव, म्हणजे तिथला भुरटा लुटारू, म्हणून फुकटात रेडला जायची वाट बघण्याचा वेळ या सेंटरनं कमी होतो, तो वेगळाच. याच्या उलट स्कॅव केस. त्यात रुबल किंवा घरची मूनशाइन, म्हणजे हातभट्टी, घालायची आणि काही तासांनी पोरं काहीबाही शोधून आणतात. ९५,००० घालून मी एकदा ज्या दोन वस्तू बघितल्या त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. मटका आहे तो. मूनशाइनला साखर आणि शुद्ध केलेलं पाणी लागतं, पाण्याला फिल्टर लागतो, म्हणजे मटका खेळायला आधी भट्टी घाला.

मित्र त्यानंतर पीव्हीई मोडमध्ये गेला. तिथं समोर खरी माणसं नसतात आणि वाईपही नसतो. हाईडआउट बांधलं की राहिलं. तिथं पन्नास कार्डं बसवणं मला पटतं. भाड्याच्या खोलीत फरशी घालणं वेगळं आणि स्वतःच्या घरात घालणं वेगळं. तो म्हणतो की तिथं फार्म कधीच वसूल झालाय, आता त्याला पैशाचं काय करायचं ते कळत नाही. मला त्यात मजा वाटेना. टेक्सोच्या अंधारात समोरचा खरा माणूस असल्याशिवाय मान ताठ राहत नाही.

तर ऑगस्टचा तो नवा वाईप मी शहाण्यासारखा खेळलो. पहिल्या आठवड्यात नळ्या, प्लग, बोल्ट, सगळं विकलं. जनरेटर महिनाभरानं, स्वस्तात. दवाखाना, पाणी, हीटिंग, वर्कबेंच, मग सेंटर. पॅनेलच्या वाट्याला गेलो नाही. फार्मची पहिली पायरी बांधली, एकच कार्ड बसवलं आणि वहीत लिहिलं: 'इथं थांबायचं.' खाली रेघ ओढली.

पुढच्या गुरुवारी टेक्सोत एकाच रॅकवर दोन कार्डं सापडली. दोन्ही कंटेनरमध्ये टाकली. दारापर्यंत पोचलो नाही. शिक्का गेला, म्हणजे बाजारात तर विकता येणार नव्हती. ट्रेडरचा भाव बघितला, आणि तो मला अपमानास्पद वाटला. खाचे तर रिकामेच होते.

आप्पा पुन्हा मागं उभे होते, तांब्या हातात.

"आज काय घावलं?"

"दोन कार्डं."

"इकलीस?"

"बसवली."

"मग आता वहीत काय लिहिणार?" म्हणाले, आणि आत गेले.